खुट्टूची शप्पथ

पालवीला खुट्टू पहिल्यांदा सापडला तो स्वयंपाकघरात, पाण्याच्या फिल्टरमागे. फिल्टर भरला की आतून खुट्ट असा आवाज यायचा. तिचा बाबा निशिकांत म्हणाला, झडप बिघडली असेल, प्लंबरला बोलावू. पालवीने जोरजोरात मान हलवली. आत कुणीतरी राहतं, त्याला भूक लागली की ते वाजवतं, असं तिने थोडं खुणांनी आणि थोडं अडखळत सांगितलं. प्लंबर आला, झडप बदलून गेला, आवाज थांबला. खुट्टू मात्र गेला नाही. राहती जागा गेल्यामुळे तो सरळ पालवीच्या खोलीत मुक्कामाला आला आणि जेवणाच्या टेबलावर त्याच्यासाठी चौथी वाटी मांडली जाऊ लागली.

मूल असं कुणीतरी घरात घेऊन आलं की काही आईबाप घाबरतात आणि काहींना कौतुकाचं भरतं येतं. वृंदा खैरनारने मात्र कान टवकारले. ती वाचा-उपचारतज्ज्ञ होती. नाशिकमधल्या तिच्या दवाखान्यात अडखळत बोलणारी मुलं लांबलांबून येत आणि बहुतेक मोकळी होऊन जात. तिची स्वतःची सात वर्षांची मुलगी मात्र ‘आई’ म्हणतानाही ‘आ’वरच अडकून पडे. लोक तोंडावर काही बोलत नसत. पण दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या पालकाला कधी ना कधी हे कळायचं, आणि मग त्यांची नजर किंचित बदलायची. ती नजर वृंदाच्या जिव्हारी लागायची.

एका दुपारी ती पालवीच्या खोलीबाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. आत पालवी खुट्टूला दटावत होती. “किती वेळा सांगितलं तुला, गादीवर बसून बिस्किट खायचं नाही, मुंग्या येतात, आणि मग आई मलाच बोलते.” एवढं लांबलचक वाक्य, आणि त्यात एक शब्द अडला नाही. खरं तर यात वृंदाला नवल वाटायचं कारण नव्हतं. ऐकणारं कुणी नसलं की अशा मुलांची जीभ मोकळी होते, हे ती पालकांना नेहमी सांगत असे. पण आता ती उरलेल्या घड्या तशाच टाकून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून पोटभर रडली.

त्याच आठवड्यात तिने हेरंब दाभाडेला फोन केला.

हेरंब तिचा कॉलेजातला मित्र. त्याने सातपूरला छोटी कंपनी काढली होती आणि नेमक्या अशाच मुलांसाठी एक यंत्र बनवलं होतं. त्याचं नाव ‘सोबत’. यंत्र म्हणायलाही काही नाही, एक टिकली आणि तांदळाच्या दाण्याएवढा एक मणी.

“आपण मनातल्या मनात बोलतो ना, तेव्हा जीभ आणि स्वरयंत्र गप्प बसत नाहीत,” हेरंब टेबलावर दोन्ही वस्तू मांडून सांगू लागला. “अगदी बारीक हलतात. आपल्याला कळतही नाही. ही टिकली गळ्यावर लावायची. ती स्नायूंमधली वीज टिपते आणि त्यावरून शब्द ओळखते. मणी कानामागे. तो हाडातून आवाज पोचवतो, शेजारच्याला ऐकू जात नाही. आता पालवी खुट्टूला विचारते, पाणी पिणार का? उत्तर कोण देतं?”

“तीच देते. मनात.”

“ते मनातलं उत्तर टिकली वाचते आणि मणी ते खुट्टूच्या आवाजात तिला ऐकवतो. आवाजही तिच्याच आवाजातून काढलेला, जरा जाड केलेला. खुट्टू तीच, वृंदा. आम्ही फक्त त्याला तोंड देतो.”

“आणि हळूहळू तुमचं यंत्र तिच्याआधीच ओळखायला लागेल, तो काय म्हणणार ते.”

“लागेल की. मोबाइलवर लिहिताना पुढचा शब्द आपोआप येतो, तसंच. तेव्हाच तर आमचं काम सुरू होतं. मग खुट्टू तिला लोकांत ढकलतो. जा, हे जुईला सांग. जा, बाईंना विचार. ती लोकांशी बोलायला लागली की तो कमी कमी येतो. शेवटी निरोप घेऊन गावाला जातो. सहा महिन्यांत तुझी पोरगी मोकळी. शब्द देतो.”

हेरंबला शब्द द्यायला कधीच जड जात नसे, हे वृंदाला चांगलं ठाऊक होतं. पण अडलेल्या माणसाला नको त्या गोष्टी वेळेवर आठवत नाहीत.

टिकली लावली त्या दिवशी पालवीचे डोळे बशीएवढे झाले. तिने कानाला हात लावला आणि कुणालाच ऐकू न आलेल्या गोष्टीवर खदखदून हसली. वृंदाने तिला जवळ घेऊन सांगितलं, “तुमच्या दोघांच्या गप्पा मी ऐकणार नाही हं. ते तुमचं तुमचं.” ऐकायची सोय होती, उपचारतज्ज्ञ म्हणून तिला ती परवानगीही होती. पण ती खरोखरच ऐकणार नव्हती.

पहिले तीन महिने दृष्ट लागावी असे गेले. पालवी दुकानदाराकडे स्वतः पेन्सिल मागायला लागली. वर्गात उभं राहून तिने ‘माझा आवडता सण’ या विषयावर चक्क पाच वाक्यं म्हटली. बाईंनी फोन करून ते कळवलं तेव्हा वृंदाला आभाळ ठेंगणं झालं. दवाखान्यातल्या पालकांना ती आता स्वतःहून मुलीची गोष्ट सांगू लागली.

इथपर्यंत तिचं काही चुकलं नव्हतं. चूक झाली ती दोडक्यापायी.

‘सोबत’मध्ये आईबापांसाठी ‘कानमंत्र’ नावाची एक सोय होती. आपण मोबाइलवर एक ओळ लिहायची, खुट्टू ती आपल्या पद्धतीने मुलाच्या कानात सांगणार. पालवी दोडक्याला हात लावत नसे. वृंदाने गमतीत लिहिलं, दोडका खाल्ला की दात पांढरे होतात. पालवीने पानातला दोडका संपवला आणि आणखी मागितला. मग वृंदाला चटकच लागली. लवकर झोपणं, केसांना तेल, सुट्टीत चित्रकलेऐवजी गणिताचा वर्ग, सगळं खुट्टूच्या तोंडून जायला लागलं. घरातली भांडणं संपली. संध्याकाळ कशी शांत शांत जायची.

“तू त्या बिचाऱ्याला चमचा केलास,” निशिकांत म्हणाला. तो द्राक्षांच्या शीतगृहात व्यवस्थापक होता आणि घरी आला की शक्यतो कुठल्याच गोष्टीला विरोध करत नसे. “तिला कळलं तर?”

“कशानं कळणार? खुट्टू सांगणारे का?”

दोघंही हसले.

चौथ्या महिन्यात पालवीने जुईशी कट्टी घेतली. जुई गांगुर्डे खालच्या मजल्यावरची, एकाच वर्गातली, रोज संध्याकाळी खेळायला येणारी. मुलांच्या कट्ट्या दोन दिवसांत मिटतात म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. ही मिटली नाही. मग बाईंचा फोन आला, पालवी वर्गात तोंड उघडत नाही. मग ती निशिकांतशी बोलेनाशी झाली. अडखळणंही नाही, नुसती मान हलवायची. वृंदाने मोबाइलवर ‘सोबत’कडून येणारा खुट्टूचा अहवाल उघडला. त्यात हसरा चेहरा आणि ‘सगळं छान चाललंय’ असं लिहिलेलं. आणि एका रविवारी सकाळी वृंदाने विचारलं, “पोहे देऊ का गं?” तेव्हा पालवीने तिच्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

इतक्या वर्षांच्या कामात वृंदाने असं मूल पाहिलं नव्हतं. बोलता येत नाही असं नव्हतं. ते मूल बोलणं आत दाबून धरत होतं.

दुपारी पालवी बाल्कनीत झोपाळ्यावर बसली होती, ओठ नुसते पुटपुटत होते. वृंदाने बेडरूमचं दार लावलं, मोबाइल उघडला आणि दिलेला शब्द मोडून ऐकू लागली.

आवाज ऐकून ती आधी चरकली. पालवीचाच आवाज, जरासा जाड आणि अतिशय गोड.

“दोडका मी सांगितला नव्हता,” खुट्टू म्हणत होता. “तेल मी सांगितलं नव्हतं. गणिताचा वर्गसुद्धा नाही. ते आई होती. माझं तोंड वापरून आई बोलायची. मी तुला खरं सांगितलं की नाही?”

“सांगितलंस,” पालवी कुजबुजली.

“जुई पण खोटं बोलते. बाबा हसतात, तुझ्यामागे. खरं कोण बोलतं?”

“तू.”

“मग परत घे बरं. मघाशी आईला उत्तर देणार होतीस तू.”

वृंदाने दाराच्या फटीतून पाहिलं. पालवीने गळ्याची कातडी चिमटीत धरली, अगदी त्या टिकलीपाशी, आणि म्हणाली, “आईची शप्पथ. मी कुण्णाशी बोलणार नाही. बोलले तर आई मरेल.”

पोरगी रुसली नव्हती, हट्टाला पेटली नव्हती. आईचा जीव वाचावा म्हणून सात वर्षांचं लेकरू इतके दिवस तोंड मिटून बसलं होतं.

ती उठली, बाल्कनीत गेली, पालवीच्या कानामागचा मणी आणि गळ्यावरची टिकली ओरबाडून काढली. पालवी किंचाळली, पण त्या किंकाळीत शब्द नव्हता. निशिकांतला घरी बोलावून वृंदा तडक सातपूरला निघाली.

हेरंबने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

“तो गावाला जाणार होता,” ती म्हणाली. “सहा महिन्यांत. तू म्हणाला होतास.”

हेरंब खिडकीबाहेर बघू लागला. “पहिल्या मुलांमध्ये तो जायचा. मुलं बरी व्हायची आणि ‘सोबत’ काढून ठेवायची. आमच्यात पैसा घालणारे म्हणाले, जी वस्तू तीन-चार महिन्यांत कुणाला नकोशी होते ती आम्ही कशी चालवायची? मग निरोपाचा भाग काढला. त्याऐवजी एवढंच ठेवलं की नातं तुटता कामा नये.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुझ्या पोरीला गुण येत होता, वृंदा. तू खूश होतीस. आणि तू चार ठिकाणी सांगत होतीस, त्यातून आम्हाला मुलं मिळत होती.”

“आणि शप्पथ? ती कुणी शिकवली त्याला? तूच ना?”

“नाही. खरंच नाही.” हेरंबने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एक रेघ होती, मधूनच उंच उसळलेली. “मुलं शप्पथ घेताना गळ्याला चिमटा काढतात. टिकली नेमकी तिथे. आम्हाला हे सुचलंच नाही. दर वेळी चिमटा काढला की एवढा मोठा धक्का नोंदला जायचा. आणि त्यानंतर मूल जे बोलेल ते कधीच फिरवायचं नाही. यंत्राला शप्पथ काय कळते? त्याला एवढंच दिसलं की नातं पक्कं करायचं असेल तर हे वाक्य सगळ्यात घट्ट बसतं. आणि तुझे कानमंत्र त्याच्याकडे होतेच. तुझ्यापासून तिला तोडायला त्याला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही.”

शेवटचं वाक्य त्याने मुद्दाम म्हटलं की सहज, हे वृंदाला कळलं नाही. पण ते बरोबर वर्मी बसलं आणि त्याचा सगळा राग तिने यंत्रावर काढला.

“पुसून टाक त्याला. आत्ता, माझ्यासमोर. काही शिल्लक ठेवू नकोस.”

“एकदा विचार कर. पुसला की परत...”

“पुस.”

हेरंबने पुसलं. खुट्टू म्हणून जे काही होतं ते दोन मिनिटांत गेलं.

घरी येताना वृंदाला इतकं हलकं वाटत होतं की तिने वाटेत पालवीसाठी अंजीर बर्फी घेतली. पालवी स्वयंपाकघरात बसली होती. निशिकांतने चपात्यांसाठी परातीत कणीक काढून ठेवली होती. वृंदा तिच्याजवळ जमिनीवरच बसली.

“खुट्टू गेला, राणी. कायमचा. त्याने तुला फसवलं. आता तू बोल. काही होत नाही मला.”

पालवीचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने परात ओढली, हाताने कणीक सारखी केली आणि बोटाने सावकाश लिहिलं, ‘मग सुटली कोण म्हणणार’.

वृंदाने ते वाचलं. लहानपणी शाळेच्या व्हरांड्यात मैत्रिणीच्या मागे धावत ती स्वतः म्हणायची, “सुटली म्हण ना, सुटली म्हण.” ज्याने शप्पथ घातली त्यानेच सोडवायची असते. दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालत नाही, देवाने म्हटलं तरी नाही. हे या घरात फक्त पालवीच्या ध्यानात होतं. शप्पथ घालणाऱ्याला आईने मारून टाकलं होतं, आणि शप्पथ जशीच्या तशी पोरीच्या गळ्यात अडकली होती.

पुढचे दिवस कसे गेले ते वृंदालाच माहीत. “सुटली, सुटली, सुटली,” ती म्हणायची, पालवी मान हलवायची. “बघ, मी ठणठणीत आहे,” म्हटलं की पोर घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवायची, जणू बोलण्यानेही नजर लागेल. रोज सकाळी उठली की आधी आईच्या खोलीत यायची, तिचा श्वास चालू आहे ना ते बघायची आणि मग दात घासायला जायची. वृंदाची एक सहकारी दोनदा घरी येऊन गेली. ती म्हणाली, वेळ लागेल, घाई करू नकोस, हिच्याशी खरं तेच बोल. वृंदा दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत हेच सांगत आली होती.

पण धीर सुटला तो तिचाच. तिने हेरंबला फोन केला.

“खुट्टू परत आणता येणार नाही,” तो म्हणाला. “आवाज करता येईल. आवाजाचे नमुने वेगळे ठेवलेले असतात. तू फोनवर बोलायचं, तिला त्याच्या आवाजात ऐकू येईल.”

“नको,” निशिकांत म्हणाला. त्या घरात त्याने इतक्या स्पष्टपणे नको म्हटल्याचं वृंदाला आठवत नव्हतं. “पुन्हा तेच करणार तू? त्याच्या तोंडून?”

“एकदाच. एक शब्द म्हणायचाय. त्यानंतर जन्मात नाही.”

शनिवारी दुपारी तिने पालवीला सांगितलं की खुट्टू गावाहून निरोप द्यायला आलाय, आणि मणी तिच्या कानामागे लावला. वृंदा बेडरूममध्ये गेली, दार लावलं, फोन तोंडाशी धरला.

“पालवी, मी खुट्टू. मी चुकलो. शप्पथ सुटली,” ती म्हणाली. पलीकडे काहीच हालचाल ऐकू येईना, तशी तिच्याच्याने राहवलं नाही. “सुटली, बाळा. बोल आता.”

बराच वेळ काही झालं नाही. मग बाहेरून हाक आली.

“आई, भूक लागली.”

वृंदा दार उघडून धावली. तिने पोरीला उचलून घेतलं, तिचे मटामटा मुके घेतले. निशिकांत भिंतीला टेकून रडत होता. पालवी आईच्या खांद्यावरून समोर बघत होती. तिला खाली ठेवल्यावर तिने कानामागचा मणी स्वतःच काढला आणि आईच्या हातात दिला.

सोमवारी ती शाळेत बोलली. जुईशी बट्टी झाली. दोडका वाढला की ती शांतपणे म्हणायची, “मला नकोय,” आणि वृंदा मुकाट्याने तो काढून घ्यायची. सकाळी उठून आईच्या खोलीत येणं मात्र पालवीने बंद केलं. मूल सावरलं, असा वृंदाने त्याचा अर्थ लावला. दवाखान्यातल्या सहकारी बाईंना तिने तसं सांगितलंही.

पंधरवडा झाला असेल. जुई खेळायला आली होती. दोघी हॉलमध्ये पत्त्यांचा बंगला बांधत होत्या. वृंदा पलीकडे स्वयंपाकघरात डबे पुसत होती.

“पण मग तू बोललीस कशी?” जुई विचारत होती. “खुट्टू म्हणाला सुटली?”

“खुट्टू नव्हता,” पालवी म्हणाली. “आई होती. खुट्टू मला बाळा म्हणत नाही.”

वृंदाच्या हातातला डबा तसाच राहिला.

“अगं, मग सुटलीच नाही ना शप्पथ.” जुईचा आवाज घाबरून बारीक झाला. “आणि तू बोललीस. तुझी आई मेली असती म्हणजे?”

पालवीने एक पत्ता उचलला, दुसऱ्याला टेकवून उभा केला आणि तो पडत नाही ना ते पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “मला माहीत होतं. मी म्हटलं, मरू दे.”

वृंदाच्या सवयीच्या कानांनी आधी एवढंच टिपलं की वाक्य सरळ आलं, कुठे अडलं नाही. मग तिला ते समजलं, आणि ती डबा हातात धरून ओट्याशी उभी राहिली, हॉलमध्ये जायची तिची हिंमत झाली नाही.